क्रॉस-प्लॅटफॉर्म टूल निवडताना सपोर्टची चौकशी कशी करायची

३१ ऑगस्ट २०२५ ला रविवार होता आणि घरोघरी गौरी यायच्या होत्या. नेमका त्याच दिवसापासून गुगल प्लेचा नवा नियम लागू होत होता: नवं ॲप असो की जुन्याचं अपडेट, ते अँड्रॉइड १५ ला, म्हणजे त्याच्या एपीआय ३५ या अंतर्गत क्रमांकाला, टार्गेट केलेलं (त्यासाठी तयार केलेलं) हवं. माझा एक मित्र शनिवारी रात्री दीड वाजता बिल्ड लावून बसला होता. सकाळी आईचे फोनवर फोन, "मुखवटे काढायला येतोयस ना?" आणि याच्या स्क्रीनवर लाल अक्षरं. त्याचं फ्रेमवर्क, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप बनवणारं क्रॉस-प्लॅटफॉर्म टूल, एपीआय ३५ साठी केव्हाच तयार होतं. अडलं होतं ते फाइल निवडायच्या एका छोट्या प्लगइनपाशी, म्हणजे बाहेरच्या कोणीतरी लिहिलेल्या जोड-कोडपाशी. ते लिहिणाऱ्याने दीड वर्षापूर्वीच त्याकडे पाठ फिरवली होती.

नवीन शिकणारी मुलं मला विचारतात, "सर, फ्लटर शिकू का? गुगल ते बंद करणार म्हणतात." फ्लटर हे गुगलचं असंच टूल. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मालक टूल बंद करेल का, ही काळजी खरीच. पण रोजच्या कामात गळ्याशी येतात त्या बहुतेक वेळा बाकीच्याच गोष्टी. म्हणून टूल निवडण्याआधी मी जी चौकशी करतो, ती इथे क्रमाने लिहितोय. दोन-तीन संध्याकाळींचं काम आहे.

पायरी १: सपोर्ट कोणाकोणाचा लागतो, ते वेगळं करा

एक वही घ्या, एक्सेलही चालेल, आणि चार रकाने आखा: टूलचा मालक, प्लगइनं, बाहेरच्या सेवा आणि आपली रोजची हत्यारं. हे चारही रकाने वेगवेगळ्या माणसांच्या हातात असतात. एकाने हात काढला तर बाकीचे तिघं तुमच्यासाठी काही करू शकत नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या घरात काय झालं ते पाहा. १ मे २०२४ ला झॅमरिन या त्यांच्या क्रॉस-प्लॅटफॉर्म टूलचा सपोर्ट संपला. हा मालकाचा रकाना. ३१ ऑगस्ट २०२४ ला व्हिज्युअल स्टुडिओ फॉर मॅक हा कोड लिहायचा प्रोग्रॅम निवृत्त झाला. हा हत्यारांचा. ३१ मार्च २०२५ ला व्हिज्युअल स्टुडिओ ॲप सेंटर ही ॲप बनवायची-वाटायची क्लाउड सेवा बंद झाली आणि तिच्याबरोबर कोडपुशही गेलं. आता हे कोडपुश वापरायचं कोण? मुख्यतः रिॲक्ट नेटिव्ह हे मेटाचं टूल वापरणारे. जावास्क्रिप्टमधली छोटी दुरुस्ती स्टोअरच्या तपासणीची वाट न पाहता थेट लोकांच्या फोनवर पोचवायची ती सोय होती. ज्यांनी झॅमरिनचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं, ज्यांचं टूल मेटाचं होतं, त्यांनाही मायक्रोसॉफ्टच्या निर्णयाची झळ बसली.

सेवांच्या रकान्यात आणखी एक नाव लिहून ठेवा: फायरबेस डायनॅमिक लिंक्स. २५ ऑगस्ट २०२५ ला गुगलने ती सेवा बंद केली. "माझ्या लिंकवरून ॲप घ्या, दोघांनाही पन्नास रुपये" असे जे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यातल्या कितीतरी लिंका याच सेवेवर उभ्या होत्या. लोकांनी त्या लिंकांचे क्यूआर कोड छापून दुकानाच्या काउंटरवर चिकटवले होते. ॲपमध्ये एक ओळही बदललेली नव्हती, स्टिकरही जागच्या जागी होतं, फक्त स्कॅन केल्यावर पुढे काही उघडत नव्हतं.

चार रकाने भरून झाले की प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहा: हे उद्या गेलं तर माझं काय अडेल? "काहीच नाही" असं उत्तर आलं तर पुढे सरका. "ॲप उघडणारच नाही" असं आलं तर त्या नावाखाली रेघ मारा.

पायरी २: मालकाची वंशावळ काढा

क्रॉस-प्लॅटफॉर्म टूलं फार हात बदलतात. फोनगॅपची गोष्ट माहीत असलेली बरी. व्हँकुव्हरच्या निटोबी नावाच्या छोट्या कंपनीने २००८ मध्ये ते सुरू केलं: वेब पेज लिहायचं आणि ते फोनवर ॲप म्हणून चालवायचं. २०११ मध्ये ॲडोबीने निटोबी विकत घेतली, पण त्याच वेळी मूळ कोड अपाचे फाउंडेशनकडे दिला गेला. तिथे त्याचं नाव पडलं कॉर्डोव्हा. निटोबीचं ऑफिस ज्या रस्त्यावर होतं, त्या रस्त्याचं नाव. ॲडोबीकडे राहिलं ते फोनगॅप हे नाव आणि फोनगॅप बिल्ड ही क्लाउडवरची सेवा. ऑगस्ट २०२० मध्ये ॲडोबीने सांगितलं की आता बस झालं, आणि १ ऑक्टोबरला फोनगॅप बिल्ड बंद झालं. दोन महिनेही मिळाले नाहीत.

यात कोण तरलं? ज्यांचा कोड कॉर्डोव्हावर होता आणि जे आपल्याच मशीनवर बिल्ड करत होते, ते. त्यांना फारसा धक्का बसला नाही. ज्यांना "झिप फाइल टाका, ॲप घ्या" याची सवय लागली होती आणि ज्यांनी अँड्रॉइड स्टुडिओ कधी उघडलंही नव्हतं, त्यांची धावपळ झाली.

झॅमरिनची वंशावळ आणखी वळणावळणाची आहे. मुळात मोनो नावाचा मुक्त प्रकल्प. तो नोव्हेलच्या घरी वाढला. २०११ मध्ये नोव्हेल अटॅचमेटने घेतली आणि मोनोच्या टीमला नारळ मिळाला. त्याच महिन्यात त्या लोकांनी झॅमरिन ही स्वतःची कंपनी काढली. २०१६ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने घेतली, आधी पैसे मोजून मिळणारं टूल फुकट झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. २०२२ मध्ये वारस म्हणून डॉट नेट माउई आलं आणि दोन वर्षांनी झॅमरिनवर पडदा. वारस आहे, म्हणजे कोड आपोआप त्याच्याकडे जातो असं मात्र नाही. झॅमरिन फॉर्म्समध्ये ज्यांनी स्वतःचे कस्टम रेंडरर (स्क्रीनवरचे घटक काढणारा खास कोड) लिहिले होते, त्यांना माउईत ते हँडलर म्हणून पुन्हा बसवावे लागले किंवा निदान जुळवून घ्यावे लागले. क्लायंटला हे समजावणं म्हणजे, "घर तेच आहे हो, फक्त पाया बदलायचाय."

मोठ्या कंपनीने घेतलं म्हणजे सुरक्षित, हा समजही काढून टाका. जावात आयओएस ॲप लिहिण्यासाठी रोबोव्हीएम नावाचं टूल होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये झॅमरिनने ते घेतलं आणि झॅमरिन मायक्रोसॉफ्टकडे गेल्यावर एप्रिल २०१६ मध्ये ते बंद झाल्याचं जाहीर झालं. पुरतं वर्षही नाही.

मालकाबद्दल तीन गोष्टी विचारा.

तो स्वतःच्या ॲपमध्ये हे टूल वापरतो का? रिॲक्ट नेटिव्ह मेटाच्या स्वतःच्या ॲपमध्ये आहे. गुगल पे फ्लटरमध्ये नव्याने लिहिलं गेलं. आणि माउईचा मालक मायक्रोसॉफ्ट विंडोज व मॅकसाठीचं रिॲक्ट नेटिव्हही सांभाळतो, यातून काय घ्यायचं ते तुम्ही घ्या. ज्या घरात स्वतः जेवतात, तिथे स्वयंपाकघर लवकर बंद होत नाही. माझ्या मते हा निकष बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार आहे.

दुसरं, टूल चालवायचे पैसे कुठून येतात? फ्लटर विकून गुगलला थेट काही मिळत नाही. जेटब्रेन्स ही कंपनी कोड लिहायचे एडिटर विकते आणि कोटलिन तिचीच भाषा आहे, त्यामुळे कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म हे टूल टिकवण्यात तिचा सरळ स्वार्थ आहे. पण थेट कमाई असली म्हणजे निश्चिंत, असंही नाही. गेम बनवायचं इंजिन विकणाऱ्या युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये गेम किती वेळा इन्स्टॉल झाला त्यावर फी लावायचं जाहीर केलं, जगभर गदारोळ झाला, दहा दिवसांत अटी सौम्य केल्या आणि वर्षभराने ती फी रद्दच केली. फी गेली, पण ज्यांनी त्या दहा दिवसांत दुसरं इंजिन शिकायला घेतलं ते सगळे काही परत आले नाहीत.

तिसरं, मालक उठून गेला तर कोड कोणाच्या हातात राहतो? ॲपसेलरेटर कंपनीचं टायटॅनियम हे टूल पुढे ॲक्सवे या कंपनीकडे गेलं. २०२२ मध्ये ॲक्सवेने हात काढला, पण कोड खुला होता म्हणून वापरणाऱ्यांनीच टायडेव्ह नावाने तो सांभाळायला घेतला. रिॲक्ट आणि रिॲक्ट नेटिव्ह आता लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या रिॲक्ट फाउंडेशनकडे सोपवत असल्याचं मेटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यात ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, एक्स्पो अशी मंडळी आहेत. एका खांबावरचं छप्पर अनेक खांबांवर गेलं, हे चांगलंच.

आता त्या "गुगल फ्लटर बंद करणार" बद्दल. एप्रिल २०२४ च्या शेवटी गुगलने फ्लटर आणि त्याची भाषा डार्ट यांच्या टीममधून काही लोक कमी केले. हे खरं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लटरच्या एका माजी इंजिनिअरने फ्लॉक नावाचा समांतर फाटा जाहीर केला. तक्रार अशी की टीम छोटी आणि वापरणारे फार, दुरुस्त्या वेळेवर होत नाहीत. हेही खरं. पण त्यानंतर फ्लटरच्या नव्या आवृत्त्या यायच्या थांबल्या का? नाही. २०१८ मध्ये एअरबीएनबीने रिॲक्ट नेटिव्ह सोडत असल्याचं लिहिलं, तेव्हाही "आता संपलं" असंच सगळे म्हणत होते. म्हणून नोकरकपातीची बातमी वाचून पळू नका. टूलच्या रिलीजच्या पानावर जा, मागच्या दोन वर्षांतल्या तारखा एकाखाली एक लिहा. दोन आवृत्त्यांमधलं अंतर वाढत चाललं असेल तर काळजी करा. नसेल तर चहा घ्या.

पायरी ३: टूलचं कॅलेंडर स्टोअरच्या कॅलेंडरशेजारी लावा

नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटणारी गोष्ट ही. सपोर्ट संपलेलं टूल त्या दिवशी बंद पडत नाही. तुमच्या लॅपटॉपवर ते चालतं, ॲप लोकांच्या फोनवर चालतं, सगळं आलबेल दिसतं. दार लागतं ते नंतर, आणि ते लावतात ॲपल आणि गुगल.

झॅमरिनचंच उदाहरण. मायक्रोसॉफ्टने आधीच सांगून ठेवलं होतं की झॅमरिन जाणार ते एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं साधन) १५ आणि अँड्रॉइड एपीआय ३४ पर्यंतच. १ मे २०२४ ला सपोर्ट संपला. दुसऱ्या दिवशी कोणाचंच काही अडलं नाही. पुढचे अकरा-बारा महिने लोक झॅमरिनचं ॲप बनवून ॲप स्टोअरवर चढवतही होते. मग २४ एप्रिल २०२५ पासून ॲपलने एक्सकोड १६ शिवाय बनवलेलं ॲप घ्यायचं थांबवलं, आणि ३१ ऑगस्टपासून गुगलने एपीआय ३५ मागितलं. दोन्ही दारं बंद. ॲप स्टोअरवर होतं तिथे होतं, पण त्यातली एक स्पेलिंगची चूकसुद्धा सुधारून पाठवता येईना.

तेव्हा वहीच्या नव्या पानावर वर्षाच्या तारखा लिहा. एप्रिलच्या शेवटाला ॲपलची एक्सकोडची अट. ३१ ऑगस्टला गुगलची टार्गेट एपीआयची अट. ही चुकणार असेल तर प्ले कन्सोलमध्ये मुदतवाढ मागता येते, २०२४ आणि २०२५ मध्ये ती १ नोव्हेंबरपर्यंत मिळत होती. सप्टेंबरच्या मध्याला नवं आयओएस, म्हणजे बहुधा गणपतीत किंवा पितृपक्षात. २०२४ मध्ये आयओएस १८ आलं १६ सप्टेंबरला आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. पुण्यातल्या डेव्हलपरने मिरवणूक बघायची की क्रॅश रिपोर्ट, हे ॲपलच्या क्युपर्टिनोत कोणी विचारात घेत नाही.

याच्या शेजारी टूलचं धोरण लिहा. रिॲक्ट नेटिव्ह आवृत्त्यांच्या शेवटच्या तीनच मालिकांकडे लक्ष देतं, म्हणजे वर्षभर अपग्रेड टाळलंत की तुम्ही सपोर्टच्या बाहेर. फ्लटरमध्ये दीर्घ सपोर्टची आवृत्ती असा प्रकारच नाही, पुढे सरकत राहावं लागतं. माउईत एक खाच आहे. डॉट नेट ८ ही तीन वर्षांच्या सपोर्टची आवृत्ती, म्हणून लोक निर्धास्त राहिले. पण माउईच्या आवृत्तीला सपोर्ट साधारण दीड वर्षाचाच, तो स्वतंत्र. माउई ८ चा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, खालचं डॉट नेट ८ मात्र चालूच. एकाच डब्यावर दोन एक्स्पायरी डेट. त्यामुळे धोरणाचं पान मथळ्यावर न थांबता शेवटपर्यंत वाचा.

पायरी ४: प्लगइनांची झडती

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि सगळ्यात जास्त पोळलोयही इथेच.

तालुक्याच्या गावातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी आम्ही ॲप केलं होतं. शेतकरी कॅन घेऊन येतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) सांगतं, ॲप दर काढतं आणि कमरेला लावलेल्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर चिठ्ठी छापतं: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. प्रिंटर विकणाऱ्या कंपनीने स्वतःचं प्लगइन दिलं होतं. आत बंद डबा. फाइल घ्यायची आणि वापरायची, कोड दिसत नाही. दोन वर्षं सुरळीत चाललं.

मग गुगलने १६ केबीचा नियम आणला. अँड्रॉइड मेमरीचे तुकडे, म्हणजे पेजेस, आजवर ४ केबीचे असायचे. अँड्रॉइड १५ पासून ते १६ केबीचेही असू शकतात. कोटलिन किंवा जावामध्ये लिहिलेल्या भागाला याने फरक पडत नाही. पण सी किंवा सी प्लस प्लसमधून बनलेल्या ज्या डॉट एसओ फाइली ॲपच्या पोटात असतात, त्या १६ केबीच्या हिशेबाने पुन्हा कंपाइल कराव्या लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून, अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट करणाऱ्या नव्या ॲपला आणि अपडेटला प्लेवर ही अट लागू झाली. फ्रेमवर्कवाल्यांनी आपापली कामं वेळेत केली होती. रिॲक्ट नेटिव्ह तर ०.७७ पासूनच तयार होतं.

अँड्रॉइड स्टुडिओतल्या एपीके ॲनालायझरमध्ये आमचं ॲप उघडलं. डॉट एसओ फाइलींची यादी, आणि एकीसमोर इशारा: अलाइनमेंट ४ केबी. प्रिंटरवाली. कंपनीला मेल केला. "आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे." पंधरा दिवसांनी पुन्हा मेल. तेच उत्तर, खाली सहीत माणूस वेगळा. फोनवर एक भला माणूस भेटला, म्हणाला, "साहेब, ते लिहिणारा मुलगा गेला सोडून. नवीन मॉडेलचं प्लगइन आहे, पण त्याला प्रिंटर नवीन लागेल."

शेवटी प्लगइनच काढून टाकलं. बहुतेक थर्मल प्रिंटर ईएससी-पॉस नावाच्या आज्ञा समजतात. ब्लूटूथचं सिरीयल कनेक्शन उघडून त्या आज्ञांचे बाइट्स थेट पाठवायचे, इतकंच. फक्त मराठी अक्षरं प्रिंटरच्या फाँटमध्ये नव्हती, म्हणून अख्खी चिठ्ठी आधी ॲपमध्ये चित्र म्हणून रंगवायची आणि ते काळं-पांढरं चित्र प्रिंटरला द्यायचं. सगळं मिळून तीनशेच्या आसपास ओळी आणि चार रात्री. हे काम पहिल्याच दिवशी केलं असतं तर पुढचा मनस्ताप वाचला असता. पण तेव्हा प्लगइन आयतं मिळत होतं ना.

तेव्हापासून कुठलंही प्लगइन घेताना मी या गोष्टी बघतो:

- शेवटची आवृत्ती कधीची? वर्ष उलटलं असेल तर सावध. पण प्लगइन फारच छोटं आणि पूर्ण झालेलं असेल, तर शांतता म्हणजे मरण असंही नाही.
- सांभाळणारी माणसं किती? एकच असेल तर त्याचं लग्न, नोकरी, आजारपण, सगळं तुमच्या ॲपशी जोडलेलं आहे.
- तक्रारींच्या यादीत ‘एपीआय ३५’ किंवा ‘१६ केबी’ असं शोधा. कोणी विचारलंय का, आणि विचारल्यावर किती दिवसांनी उत्तर आलं? तक्रारींची संख्या किती यापेक्षा हे बघणं महत्त्वाचं.
- आत डॉट एसओ फाइल आहे का, आणि असल्यास तिचा कोड मिळतो का? फाइल आहे आणि कोड नाही, तर मी आता दुसरा पर्याय शोधतो. अगदीच नसला तर क्लायंटला लेखी कळवतो.

फ्लटरमध्ये ‘पब आऊटडेटेड’ आणि जावास्क्रिप्टच्या बाजूला ‘एनपीएम आऊटडेटेड’ ही आज्ञा चालवली की मागे पडलेल्यांची यादी मिळते. ती महिन्यातून एकदा चालवा. पब डॉट डेव्हवर सोडून दिलेल्या पॅकेजला ‘डिस्कंटिन्यूड’ असा शिक्का असतो. रिॲक्ट नेटिव्ह डिरेक्टरीत प्लगइन रिॲक्ट नेटिव्हच्या नव्या आर्किटेक्चरवर, म्हणजे आतल्या नव्या रचनेवर, चालतं की नाही ते लिहिलेलं असतं. ०.७६ पासून ते आर्किटेक्चर आपोआप लागू होतं, त्यामुळे तिथे ‘नाही’ दिसलं तर पुढे जाऊ नका.

पायरी ५: जुन्या आवृत्तीवरून नव्यावर एकदा जाऊन पाहा

हा प्रयोग फार कमी लोक करतात. टूलची वर्षभरापूर्वीची आवृत्ती मुद्दाम उतरवा. त्यात एक रिकामं ॲप बनवा आणि तुमच्या खऱ्या ॲपला लागणारी पाच-सहा प्लगइनं, त्या काळातल्याच आवृत्तीची, त्यात घाला. नकाशा, कॅमेरा, नोटिफिकेशन, पेमेंट, जे असेल ते. बिल्ड चाललं की आता हेच ॲप आजच्या आवृत्तीवर आणा. घड्याळ लावून.

दोन तासांत झालं तर उत्तम. दिवस गेला तर ठीक, दरवर्षी एवढा वेळ जाणार हे धरून चला. ग्रेडल, कोकोपॉड्स ही बिल्डची साधनं आणि कोटलिनची आवृत्ती यांच्या भांडणात शनिवार-रविवार गेला आणि तरी जमलं नाही, तर ते टूल कितीही गाजलेलं असो, तुमच्या गरजांना ते जमत नाही. जाहिरातीतला नमुना ॲप पाच मिनिटांत उभा राहतो, त्यावरून हे कधीच कळत नाही.

पायरी ६: कोड असा ठेवा की हलता येईल

दर काढायचं गणित, व्हॅलिडेशन, सर्व्हरशी बोलणं हे स्क्रीनच्या कोडपासून वेगळं ठेवा. आणि बाहेरचं प्लगइन पन्नास ठिकाणाहून थेट बोलावू नका. मध्ये आपली एक पातळ फाइल ठेवा. आमच्याकडे ‘चिठ्ठी छाप’ हे एकच फंक्शन होतं, म्हणून आतलं प्लगइन काढून ईएससी-पॉस घालताना बाकी ॲपला पत्ताही लागला नाही. पण याचाही अतिरेक नको. "उद्या फ्लटर सोडून कोटलिनवर जायचं झालं तर" म्हणून बटणालासुद्धा वेष्टन घालणारे लोक मी पाहिलेत. त्यांचं पहिलं रिलीजच होत नाही.

पायरी ७: किल्ल्या आपल्या खिशात

ॲपवर सही करायची कीस्टोर फाइल आणि तिचे पासवर्ड, ॲपलची सर्टिफिकेटं, क्रॅश रिपोर्ट, टेस्टरांचे ईमेल, हे कुठल्याही क्लाउड सेवेत एकटं ठेवू नका. सेवा बंद होताना सहसा आगाऊ सूचना देतात, पण ती सूचना दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या तरी ईमेलवर जाते. बिल्ड स्वतःच्या मशीनवर निघतं का, हे तिमाहीतून एकदा तपासा. आणि डेव्हलपर अकाउंट क्लायंटच्याच नावावर काढा: प्लेचे एकदाच २५ डॉलर, ॲपलचे दरवर्षी ९९. ते वाचवायला ॲप आपल्या अकाउंटवर टाकलंत, तर पुढे क्लायंट बदलताना दोघांचीही ओढाताण होते.

पायरी ८: एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) हे लिहून घ्या

हे तांत्रिक नाही म्हणून मुलं सोडून देतात आणि नंतर फुकट राबतात. क्लायंटचं म्हणणं ठरलेलं: "ॲप तर चालतंय की! मग पैसे कशाचे?" त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. पंप चालू असताना मेस्त्रीला कोण पैसे देतं?

म्हणून कोटेशन देतानाच सांगा आणि साध्या भाषेत लिहा. मी लिहितो ते असं: "ॲपल आणि गुगल दरवर्षी आपले नियम बदलतात. ते पाळण्यासाठी वर्षातून एकदा ॲप नव्या आवृत्तीवर आणावं लागेल. त्याचा खर्च एएमसीत धरला आहे. वापरलेलं एखादं टूल किंवा सेवा तिच्या कंपनीने बंद केली, तर पर्याय सुचवणं आमचं काम. तो बसवण्याचा खर्च वेगळा." यातल्या शेवटच्या वाक्यावर नेहमी चर्चा होते. होऊ द्या. आत्ताची अर्ध्या तासाची चर्चा नंतरच्या दोन महिन्यांच्या भांडणापेक्षा स्वस्त पडते.

पायरी ९: आणि बातमी आलीच तर

आधी शब्द नीट वाचा. ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे चालतंय, पण नवीन कामात वापरू नका. ‘एंड ऑफ सपोर्ट’ म्हणजे चालेल, पण मोडलं तर आम्ही दुरुस्त करणार नाही. ‘रिटायर्ड’ किंवा ‘शटडाउन’ म्हणजे सर्व्हरच बंद. पहिल्याला महिने आहेत, दुसऱ्याला पुढच्या स्टोअर मुदतीपर्यंतचा वेळ आहे, तिसऱ्याला दिलेल्या तारखेच्या आत हलावंच लागतं.

मग मालक जाताना मागे काय ठेवतोय ते बघा. फेसबुकने पार्स ही ॲपचा डेटा सांभाळणारी सेवा बंद करताना जानेवारी २०१६ मध्ये सांगितलं, वर्षभर मुदत दिली आणि सर्व्हरचा कोड खुला केला. लोकांनी तो उचलून स्वतःच्या मशीनवर चालवला. असं काही असेल तर घाईने सगळं नव्याने लिहायला घेऊ नका. आणि मालकाने स्वतःच पुढचा रस्ता सुचवला असेल, तर त्यावरून आधी ॲपचा एकच छोटा भाग नेऊन बघा. अख्खं ॲप एका फटक्यात हलवायचा आराखडा कागदावर फार सुबक दिसतो.

मग घेऊ कोणतं?

टीमला जावास्क्रिप्ट येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह, तेही एक्स्पो या त्याच्या तयार साधनांच्या संचासकट. सुरुवातच करत असाल आणि स्क्रीन सगळीकडे सारखी दिसायला हवी असेल तर फ्लटर. हातात आधीच कोटलिनमधलं चांगलं अँड्रॉइड ॲप असेल, तर कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मने फक्त आतलं गणित आयओएसशी वाटून घ्या, स्क्रीन वेगवेगळ्या राहू द्या. ऑफिसात सगळेच सी शार्पवाले असतील तर माउई, पण दीड वर्षाचं ते कॅलेंडर भिंतीवर लावून.

आणि ॲपमध्ये चारच स्क्रीन असतील, कॅमेरा नाही, ब्लूटूथ नाही, तर मोबाइलवर नीट उघडणारी वेबसाइट करून द्या. मागे दोन क्लायंटना मी हेच सुचवलं. एकाने ऐकलं. दुसरा म्हणाला, "प्ले स्टोअरवर आपलं नाव दिसायला पाहिजे." त्याला ॲप करून दिलं, आणि वहीत त्याच्या नावापुढे ३१ ऑगस्ट लिहून ठेवलंय.